घरचा डोळा

आमच्या घरात फोडणी द्यायला परवानगी लागत असे. हैदराबादेत काचीगुड्याच्या स्टेशनामागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डोळ्यांचा दवाखाना आणि मागे आम्ही. मोतीबिंदू काढलेला माणूस त्या काळी आठवडाभर उताणा पडून राहायचा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. त्यानं खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही, चावून काही खायचं नाही. एखादा ठसका लागला आणि ताजी जखम उघडली की डोळा गेलाच. म्हणून पुढे कुणी पडलेलं असलं की मागे तेलात मिरची पडायची नाही. आई कढई उतरवून माझ्याकडे बघायची, मी पुढे जाऊन विचारून यायची आणि अप्पा पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "आज नको." हे "आज नको" ऐकतच मी अठरा वर्षांची झाले. इतर बायकांच्या माहेरच्या आठवणी चमचमीत असतात, माझ्या मऊ भाताच्या आहेत.

नुसती फोडणीच नव्हे, आमच्याकडे हसायचीही चोरी होती. भांडी पाटावर फडकं अंथरून ठेवायची, दार लावताना कडी हाताने धरून सोडायची, एकमेकांना हाका मारायच्या नाहीत, जवळ जाऊन बोलायचं. मला लहानपणी वाटायचं की सगळ्याच घरात असं असतं. नारायणगुड्याला शाळेत जायला लागले तेव्हा मैत्रिणींच्या घरचा आरडाओरडा ऐकून मी थक्क झाले आणि मग चिडले, ती आजतागायत. अप्पांचं फक्त रेल्वेपुढे काही चालायचं नाही. डबे जोडताना इंजिनं अशी काही आदळायची की खिडकीच्या काचा थरथरत. एकदा अप्पा शेरवानी चढवून स्टेशनमास्तरांकडे गेले आणि पेशंट असतील त्या दिवसांत शिट्ट्या कमी वाजवता येतील का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. स्टेशनमास्तरांनी चहा पाजून परत पाठवलं. खाटा रिकाम्या झाल्या की मात्र आई वचपा काढायची. चिंचेच्या कोवळ्या पाल्याची, चिगुरची आमटी, अंबाडीच्या भाजीवर लसणाची लालभडक फोडणी, जोंधळ्याची भाकरी. घरभर मिरचीचा खकाणा उठायचा, आम्ही सगळे खोकत, डोळे पुसत जेवायचो आणि त्या खोकण्यात काय सुख होतं ते सांगून कळणार नाही.

या दवाखान्याचा अर्धा कारभार ताराआत्या चालवायची. ती अप्पांची थोरली बहीण, फार लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली. लहानपणी देवी आल्या त्यात तिचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर ती पट्ट्या उकळायची, साबुदाण्याची खीर करायची, कुणाला किती पातळ द्यायची ते बघायची आणि दुपारी पेशंटांना वाचून दाखवायची. हे वाचून दाखवणं हे तिचं खरं सुख. भावाच्या शाळेच्या पुस्तकांवरून ती उर्दू शिकली होती, त्यामुळे एका खोलीत पोथी आणि दुसऱ्या खोलीत उर्दू अखबार असं तिचं चालायचं. पट्टी बांधलेली माणसं तिच्या आवाजाकडे तोंड करायला बघायची आणि ती दटावायची, "मान हलवू नका. आवाज काय पळून चाललाय?" डोळे मिटून पडलेल्या माणसाला दुपार किती मोठी वाटते हे तिला कळायचं. अप्पांना ते कळत होतं की नाही, मला शंका आहे. त्यांना डोळा कळायचा.

राज्य मोडायचं चाललं होतं ती ही वर्षं. निजामाचं जुनं हैदराबाद तोडून तेलुगू मुलूख आंध्राला, मराठवाडा मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला, अशी वाटणी रोज छापून यायची. एकदा अप्पांनी चुकून एक तेलुगू वकील आणि एक मराठी मास्तर शेजारी शेजारी झोपवले. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या, दोघांनाही हलायची मनाई, आणि आत्यानं बातमी वाचली मात्र, छताकडे तोंड करून दोघांनी राज्याची वाटणी करायला घेतली. आवाज चढले, मास्तर उठून बसायच्या बेताला आले. अप्पा धावत आले आणि त्या दिवसापासून दवाखान्यात वाटणीच्या बातम्या वाचायला बंदी झाली. आत्या नंतर स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून इतकी हसली की आईलाही हसू आवरेना.

त्याच सुमाराला आत्याचं वाचन अडखळायला लागलं. आधी तिनं कंदिलाला दोष दिला, मग छापखान्याला. मग ती अखबार खिडकीशी नेऊन तिरका धरायला लागली, आणि एका दुपारी माझ्या हातात देत म्हणाली, "आज तू वाच, माझा घसा बसलाय." घसा चांगला ठणठणीत होता. तिच्या एकुलत्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. मला उर्दू यथातथाच यायचं, मी अडखळले की ती नुसत्या अंदाजाने शब्द सांगायची. तांदूळ निवडताना ती खडा बोटांनी शोधायला लागली, माणसं पावलांवरून ओळखायला लागली. कधी काही सांडलं तर आधी कुणी बघितलं का याचा कानोसा घ्यायची. मला ते बघवायचं नाही. आमच्या घरात शहरातला नावाजलेला डोळ्यांचा डॉक्टर, पुढच्या खोलीतून दर महिन्याला परकी माणसं चष्मा लावून हसत बाहेर पडतात, आणि मागच्या खोलीत आत्या भिंत चाचपत न्हाणीघरात जाते, हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं.

अप्पांचं म्हणणं एकच होतं: अजून पिकला नाही. तेव्हाची रीतच तशी होती, ते मी आता कबूल करते. मोतीबिंदू पूर्ण पिकून पांढरा झाला की सबंध निघतो. कच्चा काढायला गेलं तर आत साल राहतं आणि डोळा पुन्हा धूसर होतो. पण पिकायची वाट बघायची तरी किती? रोज सकाळी आत्याला खिडकीशी बसवून ते बॅटरी मारून बघायचे आणि मान हलवायचे. एक नवाबी घराण्यातल्या म्हाताऱ्या बेगम त्यांच्या पेशंट होत्या, त्यांनाही वर्षभर असंच झुलवलं होतं. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "डागदर साब, मोतिया पकारैं की आम पकारैं?" सगळा दवाखाना हसला, अप्पा सोडून. त्यांचा स्वभावच मुळात त्या शास्त्राला चिकटलेला होता. गळकं छप्पर, माझं पुढचं शिक्षण, गावाकडच्या जमिनीचा निकाल, सगळ्याला त्यांचं उत्तर "घाई नको." गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. पहिल्या डोळ्याच्या वेळी दिलसुखनगरच्या दवाखान्यात सकाळी गेले आणि दुपारी नातवाच्या स्कूटरवरून घरी आले. पिकलाय की कच्चा हे कुणी विचारलंसुद्धा नाही. नर्स म्हणाली, "आंटी, हो गया, उठो." मी टेबलावर तशीच पडून राहिले. नातवाला वाटलं मी घाबरले. मला खरं तर अप्पांचा इतका राग आला होता की उठवेना.

आणि समजा आत्याचा मोतीबिंदू पिकला असता, तरी अप्पा हात लावणार नव्हते, ही आणखी वेगळी गोष्ट. त्यासाठी माझ्या पणजोबांची हकिगत सांगायला हवी. पणजोबा कंधारकडून हैदराबादला आले आणि एका हकिमाकडे सुईचं काम शिकले. तेव्हा मोतीबिंदू काढत नसत, डोळ्यात सुई घालून तो मागे ढकलून देत. पडदा बाजूला झाल्यासारखं माणसाला त्याच क्षणी दिसायला लागायचं. लोक पाया पडायचे, शालजोडी द्यायचे. पणजोबांना मोठमोठ्या देवड्यांतून, म्हणजे नवाबांच्या वाड्यांतून, मेणा यायचा. जनानखान्यात पडद्याला भोक पाडून त्यातून नुसता एक डोळा पुढे करत आणि तो कुणाचा हे पणजोबांना शेवटपर्यंत कळत नसे. बैठकीत त्यांना अत्तर-विड्याचा मान होता, मुशायऱ्याला बोलावणं असायचं, आणि हा सगळा थाट त्यांना आवडायचाही. पण मागे ढकललेला मोतीबिंदू डोळ्यातच राहायचा. काहींना तो सोसायचा, पुष्कळांचा डोळा महिना-दोन महिन्यांत सुजून नासायचा. म्हणून सुईवाले लोक पट्टी सुटायच्या आत गाव सोडून पुढच्या गावी जात. पणजोबांनी मात्र इथे घर केलं, बायकामुलं आणली. त्यामुळे ज्यांना दिसलं ते आणि ज्यांचे डोळे गेले ते, दोघेही त्यांना रस्त्यात भेटायचे. म्हातारपणी ते मागच्या बोळांतून ये-जा करत.

पणजीलाही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पणजोबांनी स्वतःच सुई घातली. महिनाभर तिला लख्ख दिसलं, मग दोन्ही डोळे नासले. त्यानंतर तिनं आयुष्यभर न बघता त्यांना रांधून वाढलं, आणि पणजोबा समोर बसून ते जेवले. तेव्हापासून घराण्यात नेम पडला: घरच्या डोळ्याला घरचा हात लावायचा नाही. पुढे आजोबांनी वकिली केली, मग अप्पा मद्रासला जाऊन डॉक्टर झाले, सुई जाऊन शस्त्रं आली, हुंगवायचं भुलीचं औषध जाऊन इंजेक्शनं आली, पण नेम राहिला. अप्पा तसे देवधर्माच्या बाबतीत सैल होते. हा एक नेम मात्र सोवळ्यासारखा पाळायचे. माझ्या डोळ्यात कुसळ गेलं तरी शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवायचे.

त्यामुळे आत्याचा मोतीबिंदू डॉ. रत्नपारख्यांनी काढायचा, असं ठरलेलं होतं. ते अप्पांचे मद्रासपासूनचे दोस्त, सरकारी इस्पितळात होते, रविवारी आमच्याकडे जेवायचे. अप्पांना शहरात दुसऱ्या कुणाचा हात पसंत नव्हता. बाकीच्यांना ते सरसकट "कापाकापी करणारे" म्हणायचे. आत्याचं तर सोवळंओवळं होतं, परक्याच्या इस्पितळात जाऊन तिथलं खाणं तिला जमणार नव्हतं. रत्नपारखी मोकळ्या स्वभावाचे. वर्षभर ते अप्पांच्या मागे लागले होते की आता थांबण्यात अर्थ नाही, मी करतो. अप्पा प्रत्येक वेळी त्यांना खिडकीशी नेऊन आत्याच्या डोळ्यात बॅटरी मारून दाखवायचे आणि दोघं इंग्रजीत वाद घालायचे. आत्या आपली मुकाट्याने डोळा उघडा धरून बसायची, जणू तिच्याविषयी नाही, कुणा शेजारणीविषयी बोलणं चाललंय.

मग राज्य खरोखरच मोडलं आणि नोकरांची वाटणी सुरू झाली. मराठी बोलणारे सरकारी लोक मुंबई राज्याकडे, म्हणजे बहुतेक औरंगाबादला. काचीगुड्याच्या स्टेशनवर रोज संध्याकाळी मनमाडच्या गाडीला निरोपाची गर्दी व्हायची. वळकट्या, ट्रंका, तुळशीची कुंडी, पितळी बंब, आणि आयुष्यभर इथेच राहिलेली माणसं खिडकीतून आमच्याकडे अशी बघायची जणू आम्हीच कुठे निघालोत. गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली. आईला वाटायचं आपणही जावं, तिचे भाऊ तिकडेच होते. अप्पांना विचारलं तर, घाई नको.

रत्नपारख्यांचा हुकूम आला त्या संध्याकाळी ते जेवायला नाही, उभ्या उभ्याच आले. त्यांना आठवड्याच्या आत हजर व्हायचं होतं. चहाचा कप हातात तसाच धरून ते अप्पांना म्हणाले, "दत्ता, उद्या सकाळी करतो. माझी शस्त्रं अजून बांधलेली नाहीत. गाडीत बसेपर्यंत पट्टी मी बघेन, पुढे तू बघ. पट्टी बघायला तुझा नेम आड येत नाही ना?"

 मी दारात उभी राहून मनातल्या मनात अप्पांना हो म्हणायला लावत होते. शेवटी ते म्हणाले, "एक कड अजून कच्ची आहे. महिना-दीड महिना लागेल. तू दिवाळीला येशीलच की."

रत्नपारखी आत्याकडे वळून म्हणाले की, अक्का, तुम्ही तरी सांगा. आत्या म्हणाली, "त्याला कळतं त्यातलं. मी काय सांगू?" आजही हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याला कळतं. सगळ्यांनी मिळून त्यांना असं कळू दिलं होतं. रत्नपारखी गेले. नव्या इस्पितळात माणसं कमी, दिवाळीला त्यांना रजा मिळाली नाही. अप्पांनी संक्रांतीची गोष्ट काढली. आत्याला तिकडे घेऊन जाण्याबद्दल आई दोनदा बोलली. दोन्ही वेळा पुढच्या खाटांवर पेशंट होते आणि त्यांना सोडून अप्पांना हलता येत नव्हतं. पुढच्या खाटा कधी रिकाम्या नसायच्याच.

त्या थंडीत खोल्या भरलेल्या होत्या आणि अप्पांचं सकाळचं बॅटरी मारून बघणंही सुटलं होतं. एका सकाळी आत्या उठली नाही. अंग मोडून आलंय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही, कपाळाला फडकं आवळून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईनं सुंठ उगाळून लावली. आम्हाला वाटलं सर्दीनं डोकं दुखत असेल. तिसऱ्या सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर तिनं उशीचा कोपरा दातांत धरला होता आणि शेजारच्या परातीत ओकारी होती, फडक्याने नीट झाकलेली. मी तिच्या कपाळावरचं फडकं काढलं. डोळा लालबुंद, ठणकून वर आलेला. मी ओरडणार एवढ्यात तिनं माझा हात पकडला. "ओरडू नको," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "पुढं लोक पडलेत."

तीन दिवस तिनं तोंडातून आवाज काढला नव्हता. रात्री कण्हली नाही, ओकारीचा आवाज येऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण घेतलं. कुणी डोळ्याच्या डॉक्टरच्या घरात डोळ्याच्या दुखण्यानं कण्हू नये, पेशंट दचकतील, हे आमच्या सगळ्यांच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात ती पहिल्याच रात्री किंचाळली असती, आणि कुणीतरी धावत गेलं असतं.

अप्पा आले, गुडघ्यावर बसले, बॅटरी मारली. मोतीबिंदू पिकून, पिकण्याच्या पुढे जाऊन फुटला होता आणि आत दाब चढला होता. हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या वेळी ते बॅटरी बंद करायलाही विसरले. मग एकदम औरंगाबादच्या गाडीची वेळ विचारू लागले. रत्नपारख्यांना तारही केली. थेंब आणि गोळ्या दिल्या, तास-दोन तास वाट बघितली, ठणका हलला नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यावं तर तिथे ते ज्यांना कापाकापी करणारे म्हणायचे तेच होते. ते नुसते दारापर्यंत जात आणि परत येत.

"दत्तू," आत्या म्हणाली, "गाडीचं काय विचारायलास? तूच कर."

"अक्का, घरच्या डोळ्याला—"

पुढचं मी बोलू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात आवाज चढवला. मी म्हणाले, पणजोबांनी सुई तरी घातली होती. तुम्ही नुसते बघत बसलात. वर्षभर बघत बसलात. पुढच्या खोलीतून कुणीतरी "क्या हुआ?" असं विचारलं. अप्पांनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं आणि मला इतका संताप आला की मी धुऊन आणलेली हातातली परात जमिनीवर आपटली. ती परात कितीतरी वेळ वाजत राहिली. मग आई पुढे झाली. ती अप्पांशी कधी वाद घालायची नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी पाणी उकळायला ठेवते. तुम्ही हात धुवा."

दुपारी त्यांनी केलं. कंपाउंडर करीमभाईंनी दिवा धरला, आईनं आत्याचं डोकं धरलं. मला आत घेतलं नाही आणि बरंच झालं. मी मागच्या पायरीवर बसून राहिले. अप्पांचा हात शहरात नावाजलेला होता, मोठमोठी माणसं त्या हाताखाली डोळा देऊन गेली होती. करीमभाई बाहेर आले तेव्हा मी उठले. ते म्हणाले, "हात नै काँपा बिटिया, बिलकुल नै काँपा." मग पायरीवर बसून त्यांनी विडी काढली आणि ती पेटवायचं विसरून गेले. मी विचारलं, डोळा? ते म्हणाले, "अल्ला मालिक."

ठणका त्याच संध्याकाळी थांबला. आत्या पुढच्या खोलीत, पेशंटांच्या रांगेत, वाळूच्या पिशव्यांमध्ये उताणी पडून राहिली. आता खीर आई करायची आणि दुपारी वाचायची मी. आत्या फार चांगली पेशंट निघाली. मान हलवली नाही, खोकली नाही, काही मागितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र ती हळू आवाजात दम द्यायची की, पिशवीला लागून राहा, माझ्या भावाच्या हातचं काम आहे, वाया घालवू नको. अप्पा दिवसातून दहादा येऊन तिच्या उशाशी उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. ते आले की तिला कळायचं. ती म्हणायची, "जेवलास का?" तेवढंच.

या दिवसांत मी अप्पांशी बोलत नव्हते. त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. मी वाट बघत होते की आत्या उठेल, खिडकीशी बसून अखबार तिरका न धरता वाचेल, आणि मग मी त्यांच्याशी बोलेन. मी ते अगदी ठरवून टाकलं होतं. औरंगाबादहून रत्नपारख्यांची तार आली, कसं आहे म्हणून. अप्पांनी ती खिशात ठेवली आणि उत्तर दिलं नाही.

पट्टी काढायची ती सकाळ. आईनं दारं लोटून उजेड मंद केला. अप्पांनी स्वतःच पट्टी सोडवली, कोमट पाण्याने पापण्या पुसल्या. डोळा स्वच्छ दिसत होता, लाली उतरलेली, मला वाटलं झालं, जिंकलो. मग अप्पांनी बॅटरी घेतली, आधी एका बाजूने उजेड टाकला, मग दुसऱ्या. आत्याचा डोळा नुसता उघडा होता. उजेड आला काय आणि गेला काय, तो कुठेच वळला नाही. मी त्या घरात जन्मले होते, एवढं बघायला मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. अप्पांनी बॅटरी उशीवर ठेवली. त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी तसा पाहिला नव्हता, आणि इतके दिवस जपून ठेवलेला माझा राग मला कुठे ठेवावा ते कळेना.

आत्या पडल्या पडल्या वाट बघत होती. शेजारची बाई कान देऊन ऐकत होती. आई माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवंच होतं.

अप्पांनी तिच्या तोंडासमोर हात धरला. चार बोटं. अंगठा तेवढा दुमडलेला.

"अक्का, किती बोटं दिसतायत?"

आत्यानं तोंड फिरवलं, हाताकडे नाही, आवाजाच्या रोखाने. मग ती हसली.

"दोन," ती म्हणाली.

अप्पांचा हात तसाच राहिला. चारही बोटं तशीच.

"बरोबर," ते म्हणाले.

"बघ," आत्या म्हणाली. "उगंच भ्यायला होतास."